चौरस इंचातला संसार

मराठी माणूस नाटकात हसला, पु. लं.च्या चाळीत हसला, दिवाळी अंकांच्या पानापानांवर हसला. पण आपलं स्वयंपाकघर, आपली आई, आपल्या गल्लीतला क्रिकेटचा डाव हे सगळं रोज सकाळी तीन-चार चौकटींत बघायला त्याला फार थांबावं लागलं. २१ नोव्हेंबर १९९१ रोजी 'सकाळ'मध्ये 'चिंटू' सुरू झाला. त्याआधी कुणी प्रयत्नच केले नसतील असं मी म्हणत नाही, पण घराघरांत ज्याचं नाव झालं असा घरगुती चित्रमालिकेतला मराठी पोरगा हाच. अमेरिकेत 'ब्लाँडी' १९३० पासून छापून येत होती. जपानात माचिको हासेगावा या बाईंची 'साझाए-सान' १९४६ मध्ये सुरू झाली, म्हणजे युद्धात बेचिराख झालेल्या देशालाही घरातल्या गमती चितारायला वर्षभरात कागद मिळाला. मग आपल्याकडेच एवढा उशीर का? लोक म्हणतात, आपल्याला चित्रांची आवड नाही, आपण शब्दांची माणसं. मला हे पटत नाही. उत्तर ॲसिडच्या टबात आहे, आणि त्या टबाशी मी बरीच वर्षं उभा होतो.

मी ब्लॉकमेकर. हा धंदा आता सांगूनच कळतो. पुण्याच्या पेठांमध्ये छापखाने होते तसे त्यांच्या आसपास प्रोसेस स्टुडिओ असायचे. खिळे जुळवून मजकूर छापता येतो, चित्र येत नाही. चित्राचा ठसा धातूत कोरावा लागतो, आणि ते काम आमचं. साठीच्या दशकात, मिसरूडही नीट फुटलेलं नसताना, मी अशाच एका स्टुडिओत लागलो.

रेघांच्या चित्राचा ठसा, म्हणजे लाइन ब्लॉक, असा होई. चित्रकार छपाईच्या मापाच्या दीडपट-दुप्पट चित्र काळ्या शाईत काढून आणायचा. ते बोर्डावर लावायचं, दोन्ही बाजूंना आर्क लँप पेटवायचे आणि कपाटाएवढ्या कॅमेऱ्यातून मापात बसवून निगेटिव्ह घ्यायची. जस्ताच्या पत्र्यावर बायक्रोमेटचं द्रावण फिरवून वाळवायचं, वर निगेटिव्ह ठेवून प्रकाश द्यायचा. प्रकाश पडला तिथला थर घट्ट व्हायचा. वर शाईचा रूळ फिरवून पत्रा पाण्यात धुतला की बाकीचा थर शाईसकट निघून जायचा. उरलेल्या शाईच्या रेघांवर लाल राळेची पूड टाकायची आणि पत्रा तापवून ती वितळवायची, म्हणजे रेघांना चिलखत मिळालं. मग पत्रा नायट्रिक ॲसिडमध्ये. टब सतत डोलवत राहायचा. तांबूस-पिवळी वाफ उठायची, घसा खवखवायचा. ॲसिड जसं खाली खातं तसंच बाजूनेही खातं, म्हणून थोडं खाल्लं की पत्रा बाहेर काढून पुसायचा, ब्रशने पूड आता रेघेच्या कुशीला लोटायची, पुन्हा तापवायचं, पुन्हा टबात. असं तीन-चार वेळा. हात घाईचा असला की चित्रातल्या बाईच्या कपाळावरची बट गेलीच म्हणून समजा. शेवटी पत्रा लाकडाच्या ठोकळ्यावर चुका मारून खिळ्यांच्या उंचीला आणायचा, आणि तो ठोकळा पिशवीत घालून पोऱ्या सायकलवरून छापखान्यात न्यायचा.

याचे पैसे चौरस इंचावर. शिवाय एक किमान माप ठरलेलं असे, ब्लॉक त्याहून लहान झाला तरी बिल तेवढंच. ही चौरस इंचाची गोष्ट लक्षात ठेवा, कारण मराठी व्यंगचित्राची अर्धी घडण तिने केली आहे. एका चौकटीचं चित्र असलं की त्याखालचं वाक्य कंपोझिटर खिळ्यांत जुळवून टाकायचा. ते फुकट. चार चौकटींची मालिका असली की संवाद चित्राच्या आत, फुग्यात, म्हणजे अक्षरंसुद्धा ब्लॉकमध्ये आणि अक्षरांचेही पैसे. तेही रोज. कुठल्याही मराठी दैनिकाच्या मालकाने हा हिशेब एकदा केला की दुसऱ्यांदा करत नसे.

त्यात आपली लिपी. इंग्रजी कॅपिटल अक्षरं एका उंचीची, शिपायांच्या रांगेसारखी उभी राहतात. आपल्याकडे शिरोरेषेच्या वर वेलांट्या आणि मात्रा, खाली उकार आणि जोडाक्षरांचे लोंबते पाय. चार ओळी फुग्यात नीट बसवल्या की निम्मी चौकट खलास आणि माणसं तळाशी गळ्यापर्यंत बुडालेली. अक्षर बारीक काढावं तर 'ष'चं पोट आणि 'भ'ची गाठ ब्लॉकमध्ये उघडत नाही. ब्लॉकमध्ये उघडली तरी न्यूजप्रिंटवर शाई पसरून बुजते. मशीनमन आम्हाला शिव्या द्यायचा, आम्ही चित्रकाराला. मराठी चित्रात शब्द चित्राबाहेर गेले ते असे. आणि ज्यांना त्याहून पुढचं सुचलं, त्यांनी शब्द टाकूनच दिले.

पण तिथवर यायला वेळ लागला. सुरुवातीची व्यंगचित्रं लंडनच्या 'पंच'ची लेकरं. मुंबईत 'पारसी पंच' १८५४ मध्ये निघाला. त्यात आणि त्याच्या भावंडांत गव्हर्नर, म्युनिसिपालिटी, शेठ-सावकार यांची खिल्ली असे. घर त्यात नव्हतं.

घरात पहिलं पाऊल शंकरराव किर्लोस्करांनी टाकलं असं मी मानतो. चित्रकलेचं रीतसर शिक्षण घेतलेला हा माणूस घरच्या कारखान्यात गेला आणि १९२० मध्ये किर्लोस्करवाडीहून 'किर्लोस्कर खबर' काढू लागला. नांगरांची माहिती देणाऱ्या त्या पत्रकाचं पुढे 'किर्लोस्कर' मासिक झालं, त्याच्या पाठोपाठ 'स्त्री' आणि 'मनोहर' निघाली. शंकरराव स्वतः व्यंगचित्रं काढत. 'टाकांच्या फेकी' या नावाने ती ओळखली जातात. सोवळंओवळं, हुंडा, बुवाबाजी असं सगळं त्यांनी टाकाच्या टोकावर घेतलं. ती चित्रं आज बघताना मला त्यांचं धाडस दिसतं आणि मर्यादाही दिसते. त्यातला माणूस काहीतरी चूक करतो म्हणून चित्रात आलेला असतो. तो नुसता जगतो, चहा पितो, छत्री विसरतो, बायकोने सांगितलेली कोथिंबीर आणायचं विसरून दारातच घुटमळतो म्हणून चित्रात आलेला नसतो. सुधारकाला एवढी सवड नसते, आणि त्या काळात ती नव्हती याबद्दल माझी तक्रार नाही.

ही सवड दिवाळी अंकांनी दिली. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ मध्ये 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि वर्षातून एकदा भरपूर पानं, बरा कागद, जाहिरातींचा पैसा असा एक हंगाम मराठीत तयार झाला. मडगावात जन्मलेले दीनानाथ दलाल मुंबईत स्थिरावले आणि १९४५ पासून स्वतःचा 'दीपावली' काढू लागले. एक चित्रकारच अंकाचा मालक आणि संपादक झाल्यावर चित्राला कुठली जागा मिळेल हे सांगायला नको. अनंत अंतरकरांनी 'हंस', 'मोहिनी' आणि 'नवल' काढले, आणि त्यातलं 'मोहिनी' हे तर विनोदाचं हक्काचं घर झालं.

आमच्या धंद्याची दिवाळी त्यामुळे श्रावणातच सुरू व्हायची. गणपतीत सगळं पुणं आरास बघत फिरायचं तेव्हा आम्ही लाल दिव्याच्या खोलीत. मुखपृष्ठांचे रंगीत ब्लॉक म्हणजे प्रत्येक रंगाचा ठसा वेगळा, आणि ते एकमेकांवर केसाच्या फरकानेही हलता कामा नयेत. हलले तर नायिकेचे ओठ गालावर. नवरात्र संपेपर्यंत घरी जेवायला गेलो तर गेलो. नंतर वर्षभर लग्नपत्रिकांवरचे गणपती आणि औषधांच्या बाटल्या.

ह्या हंगामी शेतीत जे पीक आलं ते मात्र अव्वल. पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीच्या 'मोहिनी'च्या एका मुखपृष्ठाची जुने लोक अजून आठवण काढतात. शि. द. फडणीसांचं. एक तरुण आणि एक तरुणी. एकाच्या कपड्यांवर मांजरांची नक्षी, दुसऱ्याच्या कपड्यांवर उंदरांची. बस्स, एवढंच. खाली वाक्य नाही, फुगा नाही, कुणी कुणाला काही म्हणत नाही. पण त्या दोन कापडांच्या मधल्या हवेत काय चाललंय ते बघणाऱ्याला कळतं आणि तो हसतो. ते चित्र मी या धंद्यात येण्याआधीचं, पण नंतर हाताखालून गेलेल्या कितीतरी चित्रांपेक्षा मी ते जास्त वेळा निरखलं आहे. कापडावरची नक्षी ही किती साधी गोष्ट! कुणीही दुकानात जाऊन तसा वार विकत घ्यावा. फडणीसांनी ती दोन माणसांच्या अंगावर चढवली आणि गोष्ट झाली.

फडणीस बेळगाव जिल्ह्यातल्या भोज गावचे, जन्म २९ जुलै १९२५ चा, शिक्षण मुंबईच्या जे. जे.मध्ये. त्यांच्या चित्रांतली माणसं गोल चेहऱ्याची, नीटनेटकी, कुणाचं वाईट न चिंतणारी. नळ, छत्री, शिडी, घड्याळ, दोरीवर वाळत घातलेले कपडे ही त्यांची पात्रं, माणसं नंतर. ब्लॉकवाल्याच्या दृष्टीने सांगायचं तर त्यांची रेघ बंद असते, तुटत नाही. रंगाचे पट्टे सपाट आणि स्वच्छ. असं चित्र छापखान्यातून जसंच्या तसं बाहेर येतं. त्यांनी मुद्दाम तसं केलं असेल किंवा स्वभावच तसा असेल, पण ज्या चित्रकारांना छपाई कळत होती त्यांची चित्रं टिकली, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पुढे त्यांनी 'हसरी गॅलरी' हे प्रदर्शन गावोगाव नेलं. चित्रात शब्दच नाहीत म्हटल्यावर भाषांतराचा प्रश्न येत नाही, त्यामुळे मराठी न येणाराही त्याच्यासमोर हसतो. आणि बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकांत त्यांनी चित्रं काढली. महाराष्ट्रातल्या किती पोरांनी बेरीज-वजाबाकीच्या कंटाळ्यात त्यांच्या चित्रांत डोकं खुपसलं असेल! ती पुस्तकं वापरलेल्या बहुतेकांना चित्रकाराचं नाव माहीत नसतं, हे मात्र मला खटकतं.

वसंत सरवटे ही दुसरी जात. कोल्हापूरचे, पेशाने सिव्हिल इंजिनियर, ए.सी.सी.मध्ये नोकरी. व्यंगचित्र पोटासाठी काढायचं नाही असं असल्यामुळे त्यांना एक मोकळीक होती, ती त्यांच्या रेघेत दिसते. 'ललित'च्या दिवाळी अंकांची मुखपृष्ठं त्यांनी वर्षानुवर्षं केली. जयवंत दळवींनी ज्या नावाने सदर लिहिलं त्या ठणठणपाळाला हातात हातोडा देऊन चेहरा त्यांनीच दिला. त्यांच्या चित्रांतला मध्यमवर्गीय हा वाचणारा, लिहिणारा, स्वतःच्या बुद्धीवर खूश असलेला आणि म्हणून जरा हास्यास्पद असा. फडणीसांच्या माणसाला घड्याळ फसवतं, सरवट्यांच्या माणसाला त्याची मतं. त्यांनी या कलेवर गंभीरपणे लिहिलंही, 'व्यंगकला-चित्रकला' हे पुस्तक आजही कुणी व्यंगचित्र काढू पाहणाऱ्याने आधी वाचावं.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. विषय घर, स्वयंपाकघर, नवरा-बायको. पण आमच्या स्टुडिओत ज्यांची चित्रं आली ते सगळे चित्रकार पुरुष. लाटणं घेऊन दारात उभी असलेली बायको किती वेळा ॲसिडमध्ये बुडवली याला गणती नाही. लाटण्यामागच्या बाईला काय वाटतं ते जपानात हासेगावाबाई रोज सांगत होत्या. आमच्याकडे १९८२ मध्ये मंजुला पद्मनाभन यांची 'सुकी' मुंबईच्या 'संडे ऑब्झर्व्हर'मध्ये अवतरली, केस पिंजारलेली, स्वतःशीच वाद घालणारी एक शहरी बाई. पण ती इंग्रजीत.

आता ज्याला ब्लॉकचा, संपादकाचा, चौरस इंचाचा हिशेबच नव्हता, अशा एका माणसाबद्दल. मारियो मिरांडा. जन्म दमणचा, १९२६ चा, पण घर गोव्यातल्या लोटलीचं, शतकांचं, ऐसपैस. पोरगा भिंतींवर चित्रं काढतो म्हणून आईने त्याच्या हातात कोरी वही दिली. मारियो त्या वहीत रोजचं आयुष्य चितारायला लागला आणि मोठा झाला तरी थांबला नाही. १९४९, १९५० आणि १९५१ च्या त्याच्या रोजनिशा आज पुस्तकरूपात मिळतात. गावातले शेजारी, चर्चमधली मंडळी, लग्नं, मेजवान्या, नाच, मित्रांचा टवाळपणा, कुत्री. पोर्तुगीज राजवटीतल्या गोव्यातलं एक सुखवस्तू घर आणि त्याच्या आजूबाजूचं गाव, दिवसामागून दिवस.

ह्या वह्या मी प्रथम पाहिल्या त्या पुस्तकात, म्हातारपणी, आणि माझ्या धंद्याचं सगळं गणित माझ्यासमोर उलटं उभं राहिलं. इथे कुणी लाइन ब्लॉकसाठी रेघ जाड केलेली नाही. पानात जागा आहे तेवढी माणसं कोंबली आहेत, अक्षरं चित्रात कुठेही शिरली आहेत. कुणाला सुधारायचं नाही, कुणाला हसवायचंही नाही, आज काय झालं एवढंच. अमेरिकेत आणि युरोपात लोक ज्याला आज आत्मचरित्रात्मक कॉमिक्स म्हणतात आणि ज्याची सुरुवात सत्तरीच्या दशकातल्या अमेरिकन मंडळींपासून धरतात, तसं काहीतरी लोटलीतला एक पंचविशीही न गाठलेला मुलगा दोन दशकं आधी करून बसला होता. फरक एवढाच की ते छापायचं आहे असं त्याला वाटलं नाही आणि छापायला कुणी आलंही नाही.

मारियो पुढे मुंबईत आला, 'इलस्ट्रेटेड वीकली' आणि 'टाइम्स'च्या घरात रुळला, आणि छापखान्याने त्याला आपल्या मापात घेतलं. मिस निंबूपाणी, मिस फोन्सेका, बंडलदास ही त्याची नावाजलेली पात्रं. ती मजेशीर आहेत यात वाद नाही. पण ती पात्रं आहेत. रोजनिशीत शेजारी होते. मला विचाराल तर मारियोचं सगळ्यात मोठं काम त्या वह्यांमध्ये आहे, आणि कुलाब्याच्या कॅफे मोंडेगारच्या भिंतींवर आहे, म्हणजे पुन्हा भिंतीवरच!

त्याच सुमारास 'टाइम्स'मध्येच, १९५१ पासून, आर. के. लक्ष्मण यांचा कॉमन मॅन रोज यायला लागला. रोजचं चित्र हे आपल्या वर्तमानपत्रांना जमत होतं, पण एका चौकटीत, आणि राजकारणाच्या खुंटीला टांगून. घर त्यात यायचं ते रेशन आणि महागाई बनून.

मालिका हवीच असेल तर परदेशातून यायची. तिकडे सिंडिकेट नावाची संस्था एका चित्रकाराला मोबदला देते आणि त्याची मालिका शेकडो वर्तमानपत्रांना विकते. एकेका पत्राला ती किरकोळ पैशांत पडते. मराठी चित्रकार हा दर कुठून देणार? त्याला गिऱ्हाईक एकच पत्र. १९६४ मध्ये 'टाइम्स'ने इंद्रजाल कॉमिक्स सुरू केलं, पुढे ते मराठीतही आलं, आणि फँटमचा 'वेताळ' होऊन तो आमच्या वाड्यांतून फिरायला लागला. इंग्रजी फुगे पांढऱ्या रंगाने पुसून त्यात मराठी अक्षरं बसवायचं काम मीही थोडंफार केलं आहे. चित्रकाराने इंग्रजीच्या मापाचा फुगा ठेवलेला, त्यात मराठी वाक्य म्हणजे भावाच्या सदऱ्यात काकांना कोंबणं. मग भाषांतरकाराला सांगायचं, साहेब, दोन शब्द कमी करा. वेताळ मराठीत एवढा तुटक का बोलतो याचं रहस्य हे आहे.

आमचा धंदा ऑफसेटने बसवला. सत्तरी-ऐंशीच्या दशकांत एकेक छापखाना बदलत गेला. आता मजकुराचे आणि चित्रांचे ब्रोमाइड कापून रबर सोल्यूशनने पानावर चिकटवायचे, अख्ख्या पानाची एक निगेटिव्ह, एक प्लेट. पानात चित्र एक असो की दहा, खर्च तोच. चौरस इंच मेला. स्टुडिओने टब विकले, मी एका दैनिकाच्या पेस्टिंग विभागात कटर आणि स्टीलची पट्टी घेऊन उभा राहिलो. आमच्यापैकी काही जण रिक्षा चालवायला लागले, एकाने चहाची टपरी टाकली. धंदा बुडाल्याचं दुःख सगळ्यांना झालं. पण त्याच बदलामुळे मराठीत दैनिक चित्रमालिकेची वाट मोकळी झाली, हे त्या वेळी कुणाच्या ध्यानात आलं नाही.

म्हणून 'चिंटू' १९९१ मध्ये. प्रभाकर वाडेकर आणि चारुहास पंडित या दोघांनी मिळून तो उभा केला. मी ज्या दैनिकात होतो ते 'चिंटू' छापणारं नव्हतं, त्यामुळे मी तो सकाळी चहाबरोबर इतरांसारखाच वाचायचो, फक्त डोळे पेस्टिंगवाल्याचे. रेघ जवळपास एकाच जाडीची. मागची भिंत बहुतेक वेळा नाहीच. काळे ठिपके कमी, पांढरं जास्त. संवाद दोन-तीन शब्दांचे, बोलीतले. ज्या अडचणींनी आम्हाला तीस वर्षं छळलं त्या सगळ्या त्यांनी काही न बोलता सोडवल्या होत्या. आणि मधली चौकट! पुष्कळदा तिच्यात काहीच घडत नाही, चिंटू नुसता बघतो किंवा विचार करतो, आणि तेवढ्या थांब्यामुळे शेवटची चौकट बसते. एका चौकटीच्या चित्राला हे जमत नाही. फडणीसांना सगळं एकदम दाखवावं लागतं. मालिका वाट बघायला लावू शकते.

दुसरी गोष्ट पंचांगाची. जून आला की चिंटूची शाळा, श्रावणात पाऊस, दिवाळीत किल्ला, मे महिन्यात सुट्टी. वाचकाच्या घरात जे चाललंय तेच त्या चौकटीत. मिनी, पप्पू, राजू, बगळ्या, सतीशदादा, जोशीकाकू ही माणसं कुणाला समजावून सांगावी लागली नाहीत. चिंटू मात्र मोठा झाला नाही. अमेरिकेतल्या 'गॅसोलिन ॲली'मध्ये १९२१ साली दारात सापडलेलं बाळ वाचकांबरोबर वाढत गेलं, लग्न करून संसाराला लागलं. चिंटूचे पहिले वाचक आता स्वतः पालक झालेत, आणि तो अजून गृहपाठ टाळतोय. २०१२ मध्ये त्याच्यावर सिनेमाही आला. लोक गेले, मीही नातवाला घेऊन गेलो, पण पडद्यावरच्या खऱ्या मुलाला मधली चौकट नसते.

चिंटूवर माझं प्रेम आहे म्हणूनच एक गोष्ट सांगतो. ते घर पेठेतून सोसायटीत गेलेल्या मराठी माणसाचं आहे. गिरणगावातली खोली, वस्तीतला नळ, ऊसतोडीला गेलेल्या आईबापांचं बिऱ्हाड यांना रोजच्या चौकटी मिळाल्या नाहीत. गंमत बघा, मराठी गद्याने हे केव्हाच केलं होतं. दया पवारांचं 'बलुतं' १९७८ चं. अमेरिकेत क्लीव्हलँडच्या हॉस्पिटलात फायली लावणारा हार्वे पीकर स्वतःची नोकरी आणि कटकटी दुसऱ्यांकडून चितारून घेऊन छापायला लागला १९७६ मध्ये. म्हणजे सामान्य माणसाने स्वतःचं जिणं जसंच्या तसं मांडायचं, हे दोन्हीकडे एकाच सुमारास सुचलं. तिकडे त्याला चित्रं मिळाली, आपल्याकडे मिळाली नाहीत. २०११ मध्ये 'भीमायन' आलं, बाबासाहेबांच्या आयुष्यावरचं. पाणी, निवारा, प्रवास या रोजच्या तीन गोष्टींतून त्यात जात दिसते. चित्रं दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या गोंड चित्रकारांची. त्यांनी चौकटी मोडल्या आणि फुगेही बदलले. टोचून बोलणाऱ्याच्या फुग्याला विंचवाची नांगी, साध्या बोलण्याच्या फुग्याला पाखराचा आकार. फुग्यांशी इतकी वर्षं झगडलेला मी ते पान समोर ठेवून बसून राहिलो. पण ते पुस्तक आलं इंग्रजीत, आणि त्यातली चित्रं काढली भोपाळकडच्या माणसांनी. महाराष्ट्रातल्या घरांची ही बाजू मराठी चित्रकारांनी रोजच्या रेघेत अजून घेतलेली नाही. आता ना ब्लॉक लागत, ना कागद. फोनवर काढा आणि फोनवरच दाखवा. तेव्हा सबब उरलेली नाही.

आज जी मुलंमुली चित्रं काढतात त्यांचं काम नातू मला दाखवतो. लोकलमधली गर्दी, भाड्याची खोली, आईचे फोन. पुष्कळ चांगलं असतं. फक्त फुग्यात तयार फाँट टाकू नका रे, हाताने लिहा, एवढंच म्हणणं.

आमचे ब्लॉक गेले. छापखाने बंद होताना जस्त भंगारात किलोवर विकलं गेलं, लाकडाचे ठोकळे बंबात. मूळ चित्रंही बहुतेक छापखान्यांनी परत केली नाहीत, चित्रकारांनी मागितली नाहीत. त्यामुळे रोजच्या मराठी जगण्याच्या यातल्या बहुतेक चित्रांचा एकमेव पुरावा म्हणजे जुने अंक. ते तुमच्या माळ्यावर, ट्रंकेत, आजीच्या कपाटात आहेत. 'मोहिनी', 'हंस', 'किर्लोस्कर', 'दीपावली', 'ललित', आणि ज्यांची नावं आता कुणाला आठवत नाहीत असे कितीतरी. मुखपृष्ठ फाटलेलं असलं तरी चालेल, वाळवी लागलेली असली तरी चालेल. रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी गावातल्या ग्रंथालयात एकदा विचारा, आणि तिथे घेत नसतील तर निदान चित्रांच्या पानांचे नीट फोटो काढून त्यावर अंकाचं नाव आणि साल लिहून ठेवा.